व्हॉल्व्ह उशिरा मिटतो तेव्हा

'हा एअर फिल्टर बसवा, 15 अश्वशक्ती वाढवा' अशा जाहिराती अधूनमधून फिरत असतात. फिल्टर बसवल्यावर गाडी खरंच जोरात पळाल्यासारखी वाटते, कारण हवा ओढण्याचा आवाज मोठा होतो. कानाला जाणवलेला जोर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मात्र एखाद-दोन अश्वशक्तींपुढे क्वचितच जातो. कंपनीचा स्वच्छ फिल्टर मुळातच फारशी अडवणूक करत नाही.

टर्बो नसलेल्या इंजिनात हवा ढकलणारं यंत्र नसतं. पिस्टन खाली जातो, पोकळी होते आणि बाहेरचा वातावरणाचा दाब हवा आत लोटतो. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे 101 किलोपास्कल, पुण्यात साधारण 95 आणि महाबळेश्वरला 86 च्या आसपास. म्हणजे काहीही न बिघडता मुंबईची गाडी पुण्यात सहा टक्के आणि महाबळेश्वरला जवळजवळ पंधरा टक्के ताकद गमावते. एवढ्याच दाबाच्या जोरावर सिलिंडर किती भरतो आणि मिनिटाला किती वेळा भरतो, यावर सगळा हिशेब चालतो.

मारुतीचं जुनं 1.3 लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन घेऊ. एस्टीम, जिप्सी आणि पहिल्या स्विफ्टमधलं हे इंजिन आपल्याकडच्या रॅलींमध्ये वर्षानुवर्षं पिळून निघालंय. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 75.5 मिमी, चार सिलिंडर मिळून 1298 सीसी. एस्टीममध्ये 6000 आरपीएमला (मिनिटाचे फेरे) सुमारे 85 अश्वशक्ती. टॉर्कला (फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये) आरपीएमने गुणून 7120 ने भागलं की अश्वशक्ती मिळते. त्या हिशेबाने 6000 ला टॉर्क 101 भरतो. हाच 101 टॉर्क 7200 पर्यंत टिकवला, तर 102 अश्वशक्ती होतात. टॉर्क तसूभरही वाढवलेला नाही, नुसता वर सरकवला. अशा इंजिनाचं ट्यूनिंग बहुतांशी या सरकवण्यातच असतं.

अडचण अशी की वरच्या आरपीएमला सिलिंडर भरायला वेळच उरत नाही. 6000 आरपीएमला पिस्टन वरून खाली 5 मिलिसेकंदांत जातो. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत पिस्टन तळाला पोचला की इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह बंद होतो. प्रत्यक्षात तसं केलं तर इंजिन घुसमटेल. पिस्टन तळाला वळतो तेव्हा नळीतला हवेचा खांब अजून वेगात आत येत असतो. लोकल सुटल्यावरही दारातली गर्दी आत शिरतच राहते, तसं. पिस्टन वर यायला लागला तरी ही हवा स्वतःच्या जडत्वाने आत घुसत राहते, म्हणून व्हॉल्व्ह तळानंतर क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) बराच फिरल्यावर बंद करतात. रोजच्या वापराच्या कॅममध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात) साधारण 50 अंशांनी, तर शर्यतीच्या कॅममध्ये 70 किंवा त्याहून पुढे.

किती उशीर करायचा, हे हवेच्या वेगावर ठरतं. 7000 ला 70 अंशांपर्यंत हवा आत येत राहते. 2500 ला तिच्यात तेवढा जोर नसतो, त्यामुळे वर येणारा पिस्टन तिला आल्या वाटेने परत ढकलतो. म्हणून मोठा, म्हणजे असा उशिरा मिटणारा कॅम घातलेली गाडी सिग्नलवर थरथरते, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) हजारावर ठेवावा लागतो आणि तीन हजारांखाली ती ढिम्म असते. हा दोष नव्हे, सौदा आहे. शहरात चालवायच्या गाडीत असा कॅम घालू नये, हे माझं स्पष्ट मत.

आता थोडं आकड्यांत जाऊ. कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा) 120 मिमी धरला, तर तळानंतर 50 अंशांवर पिस्टन सुमारे 10 मिमी वर आलेला असतो आणि 70 अंशांवर साडेएकोणीस मिमी. व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत हवा दाबली जात नाही. म्हणजे दाबण्याच्या कामाला पहिल्या कॅममध्ये साडेपासष्ट मिमी स्ट्रोक उरतो, दुसऱ्यात फक्त 56. कागदावरचं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते) 9.5 असेल, तर पहिल्या कॅमला खरं कॉम्प्रेशन 8.4 मिळतं, दुसऱ्याला 7.3. ते पुन्हा 8.4 वर आणायचं तर कागदावरचा आकडा 11 करावा लागतो. मोठा कॅम घालून बाकी सगळं तसंच ठेवलेली गाडी पूर्वीपेक्षा मंद का होते, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

11 कसा गाठायचा? 9.5 ला पिस्टनच्या डोक्यावर 38.2 सीसी जागा असते, 11 ला 32.5 हवी. म्हणजे दर सिलिंडरमागे 5.7 सीसी कमी करायचे. आधी मोजा. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उलटं ठेवून व्हॉल्व्ह बसवा, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली अॅक्रिलिकची काच चिकटवा आणि ब्युरेटने रॉकेल सोडा. चारही चेंबर (हेडमधले ज्वलनाचे खळगे) अर्ध्या सीसीच्या आत जुळले पाहिजेत. मग फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासणं. एक मिमी घासल्यावर जेमतेम तीन-साडेतीन सीसी कमी होतात, म्हणजे सगळं फेसिंगनेच करायचं तर दीड मिमीच्या वर जावं लागेल आणि हेड कमकुवत होईल. अर्धा मिमी घासावा, उरलेलं उंच डोक्याच्या पिस्टनने भरून काढावं.

हेड खाली बसलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर घटतं, आणि बेल्टची खूण जुळलेली दिसत असूनही कॅम थोडा मागे पडतो. एक मिमीला क्रँकचे साधारण दोन अंश. म्हणून सरकवता येणारी कॅम पुली लागते. क्रँकवर अंशांची चकती आणि व्हॉल्व्हवर डायल गेज लावून, कॅम बनवणाऱ्याच्या कार्डावरचा आकडा प्रत्यक्ष मिळेपर्यंत ती हलवायची. नुसत्या खुणेवर विसंबू नये.

त्यानंतर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर. पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा थर देऊन, हेड कसून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. मग हेड काढून थर कापून मोजा. इनटेकला किमान दीड आणि एक्झॉस्टला दोन मिमी तरी हवेत. हे टाळलं, तर बेल्ट शाबूत असूनही व्हॉल्व्ह वाकतात.

ओव्हरसाइज पिस्टनबद्दल गैरसमज फार. 0.50 मिमीचा टाकला की 1298 चे 1316 सीसी होतात. वाढ दीड टक्क्याहून कमी. बोअरिंग (सिलिंडर कापून रुंद करणं) झिजेसाठी करतात, ताकदीसाठी नाही. होनिंग (सिलिंडरचं शेवटचं बारीक घासकाम) करताना ब्लॉकवर हेडऐवजी जाड प्लेट बोल्टने कसायला लावा, कारण हेड कसल्यावर बोअर किंचित वाकडा होतो. पिस्टनच्या वरच्या रिंगचा गॅप (टोकांमधली फट) 0.30 मिमीच्या आसपास ठेवा. कमी ठेवला तर गरम होऊन टोकं भिडतात आणि पिस्टनची कड उडते.

पोर्ट (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा) आरशासारखे चकचकीत करण्याची हौसही व्यर्थ आहे. फायदा व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटच्या लगेच खालच्या वळणात आणि तीन कोनांच्या सीट कटिंगमध्ये असतो. भोक उगाच मोठं केलं की हवेचा वेग पडतो, आणि वर ज्या जडत्वावर सगळा खेळ उभा आहे तेच जातं. 'इंजिनाला बॅक प्रेशर (धुराचा मागे रेटणारा दाब) लागतं' हे वाक्यही याच गोंधळातलं. त्याला धुराचा वेग लागतो. फार रुंद पाइपने तो जातो, म्हणून खालचा टॉर्क पडतो आणि लोकांना वाटतं की दाब कमी पडला.

7200 आरपीएमची किंमतही आहे. जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 6000 पेक्षा इथे रॉडवरचा ताण 44 टक्के जास्त. रॉड बोल्ट नवेच हवेत आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमला साजेशा. जुन्या स्प्रिंगवर व्हॉल्व्ह कॅमला सोडून हवेत उडतो.

इंधन आणि स्पार्कचं काम शेवटी, डायनोवर. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा नेमक्या गरजेच्या किती पट) 0.86 ते 0.88. एअर-फ्युएलचे (एक किलो इंधनाला किती किलो हवा) जुने आकडे पाठ असणाऱ्यांनी जपून राहावं. शुद्ध पेट्रोलला 14.7 लागतं, पण 20 टक्के इथेनॉलवाल्याला 13.5. जुन्याच आकड्यावर ट्यून केलं तर मिश्रण लीन (इंधन कमी) राहतं. स्पार्क एकेक अंशाने पुढे न्यावा. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबावं, आणि नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी पेटल्याची ठकठक) आधी ऐकू आलं तर दोन अंश मागे यावं.

पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधून मायलेज वाढवणारेही भेटतात. पेट्रोलवर चुंबकाचा जो परिणाम होतो, तो ज्वलनाच्या हिशेबात शून्यच. बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची निदान स्वस्त असतं. आणि हो, गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 विसरू नका. असं इंजिन बंद ट्रॅकवरच शोभतं.

बांधून झाल्यावर कॅमच्या लोबला (उंचवट्यांना) असेंब्ली ल्यूब (बांधणीचं वंगण) हवंच. इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा. आयडलवर तासन्‌तास ठेवून रिंग बसत नाहीत. मध्यम थ्रॉटलला भार द्या, सोडा, पुन्हा द्या. पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत साधं मिनरल तेल बदला आणि फिल्टर कापून कागद उलगडा. राखाडी चमक चालेल, पण तांब्याचा रंग किंवा नखाला लागणारी चकाकी दिसली तर इंजिनखालची तेलाची टाकी (संप) पुन्हा उघडा.