वाघोबा (वारली चित्रे व लोकाचार)

ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील वारली समाजाचा रानदेव. वाघदेव असेही म्हणतात. वाघ आणि बिबट्या दोघेही त्याचीच रूपे. पट्टेदार वाघ या भागातून गेला, तेव्हा आज हा मान बिबट्याकडेच आहे. गावाच्या शिवेवर, झाडाखाली वाघोबाचे ठाणे असते : लाकडाची किंवा दगडाची उभी फळी, तीवर कोरलेला वाघ, वर चंद्रसूर्य आणि सगळ्यावर शेंदराचे थर. २०१८-१९ मध्ये मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांत झालेल्या अभ्यासात अशी दीडशेहून अधिक ठाणी आढळली.

वारली चित्र मूळचे लग्नघरातले. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे देवीची नक्षीदार चौकट, लिहितात. चौकात लग्नाची देवी पालघट, भोवती झाडे, जनावरे, माणसे. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की कुंचला तयार. माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वाघाचे धड लांबट, अंगावर रेघांचे पट्टे. रेघांच्या मधून भिंतीचा तांबडा रंग तसाच दिसत राहतो. जवळचे मोठे आणि लांबचे लहान हा हिशेब इथे नाही. बैल, ताड, मोर, माणूस सगळे एकाच पातळीवर. मात्र त्यावरून वारल्यांना प्राणिप्रेमी ठरवणे हा शहरी भाबडेपणा झाला. सशामागे धावणारे शिकारी आणि जाळ्यात सापडलेले मासेही याच चित्रांत असतात.

१९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला कागदावर आली आणि पुरुषही चित्रे काढू लागले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (पद्मश्री २०११, मृत्यू २०१८) त्यांत अग्रणी. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत गंजाड ठाणे जिल्ह्यातच होते.

वाघोबाची कथा अशी : लग्नाआधी एका बाईला मूल झाले. ते वाघाचे रूप घेऊन गावाची गुरे मारू लागले. गावकरी त्याच्या जिवावर उठले, तेव्हा आईने तोड काढली : गावाने त्याचे ठाणे मांडावे, वर्षातून एकदा वाघबारस, म्हणजे त्याची पूजा, करावी, त्याने गावाला राखावे. म्हणजे ही भक्तीपेक्षा सोयरीक जास्त, आणि तीत दोन्हीकडून देणे-घेणे आहे. पूजा चुकली तर वाघोबा कोपतो.

ठाणे शहरात ही परंपरा येऊरच्या पाड्यांत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला टिकून आहे. उद्यान व लगतच्या परिसरात २०१८च्या कॅमेरा-नोंदणीत ४७ बिबटे दिसले. २००४ मध्ये उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत बरीच माणसे दगावली; बाहेर पकडलेले बिबटे इथे आणून सोडल्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. शहराची पहिली मागणी नेहमी पिंजऱ्याची. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला, तेव्हा त्याला बेशुद्ध करून न्यावे लागले.

पाड्यांतला व्यवहार वेगळा आहे. गाय-शेळी गेली तर पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागतात, आणि वाघबारशीला वाघोबाला कोंबडेही देतात. एक केले म्हणून दुसरे सोडत नाहीत.