नकळत घेतलेले औषध आणि फुटबॉलपटूवरील बंदी

निषिद्ध औषध नकळत किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतले असेल, तर फुटबॉलपटूवर बंदी येत नाही, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात जागतिक उत्तेजकविरोधी संहितेनुसार शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूचीच असते. हेतू नव्हता हे त्याने सिद्ध केल्यास अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडसाठीची (स्नायू वाढवणाऱ्या निषिद्ध औषधांसाठीची) ४ वर्षांची बंदी साधारणतः २ वर्षांवर येते, पूर्ण माफी मात्र क्वचितच मिळते. डॉक्टरांची चिठ्ठी पुरेशी नसते. उपचारार्थ सूट, म्हणजे आजारपणात निषिद्ध औषध घेण्याची अधिकृत परवानगी, सामान्यतः आधीच मंजूर करून घ्यावी लागते. बंदीच्या बहुतांश काळात संघासोबत सरावही करता येत नाही, त्यामुळे तिशीतल्या खेळाडूची कारकीर्द अनेकदा तिथेच संपते, आणि हे खरोखर क्लेशदायक आहे. दरवर्षी १ जानेवारीला लागू होणारी निषिद्ध द्रव्यांची यादी सर्वांसाठी खुली असून, वेष्टनावरील मूळ घटकाचे नाव तिच्यात कोणालाही पडताळता येते.