टाकीतली दोन मिनिटं: विमानतळावरच्या अग्निशमन अधिकाऱ्याच्या कामामागचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर येणारं विमान उतरणार की नाही, हे हवामान, वैमानिक आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष) यांच्या हातात असतं, अशी आपली समजूत असते. यात आणखी एका माणसाचा शब्द चालतो. विमानतळाच्या अग्निशमन केंद्राचा वरिष्ठ अधिकारी. त्याच्याकडचा एक मोठा बंब बंद पडला आणि जागेवर दुसरा नसेल, तर विमानतळाची अग्निशमन श्रेणी खाली येते. ते एटीसीला आणि विमान कंपन्यांना ताबडतोब कळवावं लागतं आणि मोठ्या विमानांच्या येण्यावर बंधन येतं. प्रवाशांच्या नजरेस क्वचितच पडणाऱ्या या माणसाच्या हाती एवढा अधिकार आला, त्यामागे बरीच वर्षं आणि बरेच जीव गेले आहेत.

सुरुवात 1944 च्या शिकागो करारापासून होते. त्यातून इकाओ ही नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि 1951 मध्ये त्या कराराचं विमानतळांसाठीचं परिशिष्ट 14 आलं. आज त्यात विमानतळांच्या अग्निशमनाच्या 1 ते 10 श्रेणी आहेत. तिथं येणाऱ्या विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यांवरून श्रेणी ठरते. एअरबस ए-320 साधारण साडेसदतीस मीटर लांब, म्हणून श्रेणी 6. या श्रेणीला किमान 2 बंब, हल्लीच्या सर्रास वापरातल्या फोमसाठी 7,900 लिटर पाणी आणि 225 किलो ड्राय केमिकल पावडर लागते. फोम मारायचा वेग मिनिटाला 4,000 लिटर.

आता हिशोब मांडा. दोन्ही बंब पूर्ण वेगानं सुरू केले, तर दोन मिनिटांत टाक्या रिकाम्या!

ही रचना जाणूनबुजून केलेली आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांनी जुन्या अपघातांचा अभ्यास केला आणि सगळी आग विझवण्याचा आग्रह सोडून दिला. पेटलेल्या इंधनात विमानाचा पत्रा साधारण मिनिटभर टिकतो. तेवढ्यात धडाभोवतीची आग दाबायची, माणसं बाहेर यायला वाट मोकळी करायची, हे पहिलं काम. बाकीची आग नंतर. म्हणूनच धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला 3 मिनिटांच्या आत, शक्यतो 2 मिनिटांत, पहिला बंब पोचून फोम मारू लागला पाहिजे असा दंडक आला. माझ्या मते या पदाचा खरा जन्म इथं झाला. शहरातल्या दलाला पाणी संपलं तर दुसरा बंब मागवायला थोडी तरी सवड असते. इथल्या अधिकाऱ्याला बंब कुठं उभा करायचा, वारा कुठल्या बाजूचा, कुठल्या दाराकडून माणसं उतरतील, हे गाडी थांबायच्या आत ठरवावं लागतं.

पुढच्या दोन दुर्घटनांनी या कामाला आणखी धार आली. 19 ऑगस्ट 1980 ला रियाधमध्ये सौदियाचं आग लागलेलं ट्रायस्टार विमान सुखरूप उतरलं, तरी आतले सगळे 301 जण मेले. इंजिनं काही मिनिटं सुरूच राहिली आणि दार उघडायला वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला. विमान समोर शाबूत उभं असताना! बचाव पथकाची तयारी आणि प्रशिक्षण यांवर चौकशीत बोट ठेवलं गेलं. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक जातीच्या विमानाचं दार बाहेरून कसं उघडतं, हे जवानांच्या हाताला माहीत असलं पाहिजे, हा त्यातला धडा. मग 22 ऑगस्ट 1985 ला मँचेस्टरमध्ये बोइंग 737 धावपट्टीवरच पेटलं. 55 जण गेले, त्यातले बहुतेक धुरानं आणि विषारी वायूनं. वाऱ्यानं ज्वाळा धडाकडे ढकलल्या होत्या.

आणि मग आपल्या दारात.

26 एप्रिल 1993. इंडियन एअरलाइन्सचं दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं 491 क्रमांकाचं विमान औरंगाबादहून मुंबईला निघालं. आत 118 जण. एप्रिलचं ऊन, भरलेलं विमान. तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचलायला जास्त धाव घ्यावी लागते. ते जवळजवळ धावपट्टी संपता संपता उठलं. टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून रुईच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावं चाक आणि इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे 7 फूट उंचीवर त्या ट्रकला धडकला. तसंच पुढं गेलेलं विमान ईशान्येला सुमारे 3 किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकून कोसळलं. 55 जण दगावले, 63 वाचले.

चौकशीत दोन कारणं नोंदली गेली: वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं; आणि विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडलं. मराठवाड्यातल्या माणसाला हे दुसरं कारण अजून टोचायला हवं. जिनिंगचा माल घेऊन जाणारे ट्रक आपल्या रोजच्या पाहण्यातले. त्यातला एक ट्रक आणि एक विमान एकाच क्षणी एका रेषेत येतील, ही शक्यता नकाशात सगळ्यांना दिसत होती. ती अडवणं कुणाच्या तरी रोजच्या कामात पक्कं बसलेलं नव्हतं.

अग्निशमनाच्या बाजूनं पाहिलं तर आणखी एक प्रश्न उरतो. तीन मिनिटांचं गणित धावपट्टीसाठी आहे. कुंपणाबाहेर तीन किलोमीटरवर, शेताच्या बांधांतून, ते लागू पडत नाही. मृगाचा पाऊस झालेल्या काळ्या रानात पाण्यानं भरलेला जड बंब घातला तर तो तिथंच रुतेल. म्हणून भिंतीतले आपत्कालीन दरवाजे, त्यांच्या किल्ल्या, बाहेरचे शिवरस्ते आणि चौकटी आखलेला परिसराचा नकाशा हेही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या टेबलावरचं काम झालं.

1 एप्रिल 1995 ला राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशी दोन्ही प्राधिकरणं एक होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण आलं. त्याची अग्निशमन प्रशिक्षण केंद्रं दिल्ली आणि कोलकात्याला आहेत. देशातलं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय मात्र आपल्या नागपुरात, 1957 पासून.

या अधिकाऱ्याचा दिवस पाळीबदलाच्या तपासणीनं सुरू होतो. क्रॅश बेल, म्हणजे अपघाताचा इशारा देणारी घंटा, वाजवून पाहायची. बंबाचं इंजिन सुरू करून ब्रेकच्या हवेचा दाब बघायचा, छतावरचा मॉनिटर, म्हणजे फोम मारायची तोफ, डावी-उजवीकडे फिरवायचा, पाण्याची आणि फोमची पातळी वाचायची. श्वसनसंचाचा प्रत्येक सिलिंडर हातात घेऊन काटा बघायचा, मुखवटा चेहऱ्यावर दाबून हवा गळते का ते तपासायचं. मग नोंदवहीत सही. यातलं एक जरी राहिलं, तरी वर सांगितलेल्या दोन मिनिटांतला वाटा कमी होतो. वर्षानुवर्षं अपघात न होणाऱ्या ठिकाणी हे रोज तितक्याच मन लावून करून घेणं, जवानांना ढिलं पडू न देणं, हे मला या पदातलं सर्वांत कठीण काम वाटतं.

मराठवाड्यात आज छत्रपती संभाजीनगरशिवाय नांदेड, लातूर आणि धाराशिवलाही धावपट्ट्या आहेत. छोट्या विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय नियमात एक सवलत आहे: सर्वांत गर्दीच्या सलग तीन महिन्यांत मोठ्या विमानांची उड्डाणं आणि उतरणं मिळून 700 पेक्षा कमी असतील, तर श्रेणी एक पायरी खाली चालते. म्हणजे ए-320 साठी श्रेणी 5, 5,400 लिटर पाणी आणि एक बंब. पैशाचा हिशोब समजतो, पण मला ही सवलत पटत नाही. विमानात माणसं तेवढीच असतात, आणि महानगरासारखी मोठी रुग्णालयं आणि जास्तीचे बंब हाकेच्या अंतरावर नसतात ते नेमके अशाच गावांत. संभाजीनगरला निदान घाटी रुग्णालय आणि महापालिकेचं दल त्याच शहरात आहे.

दर दोन वर्षांनी पूर्ण आपत्कालीन सराव बंधनकारक आहे. त्यात महापालिका, पोलीस, रुग्णालयं, विमानतळाची सुरक्षा सांभाळणारं सीआयएसएफ दल सगळे येतात. बहुतेक ठिकाणी खोटा अपघात कुंपणाच्या आतच घडवतात. 1993 चा प्रसंग पाहता आपल्या भागात निदान एखादा सराव कुंपणाबाहेरच्या शेतात, पावसाळ्यात, आसपासच्या गावांतल्या सरपंचांना आणि पोलीस पाटलांना सोबत घेऊन व्हायला हवा. चिकलठाण्याभोवती दरवर्षी नवे प्लॉट पडतात, रस्ते बदलतात. जुन्या नकाशावर तिथली वाट सापडणार नाही.