ताळेबंदाची मंदी

ताळेबंदाची मंदी, म्हणजे बॅलन्स शीट रिसेशन, ही कर्ज डोईजड झाल्यामुळे आलेली मंदी. यात लोक आणि कंपन्या खर्च, गुंतवणूक सगळं बाजूला ठेवून आधी कर्ज फेडायच्या मागे लागतात. हे नाव रूढ केलं नोमुरा रिसर्च इन्स्टिट्यूटच्या रिचर्ड कू यांनी, 1990 नंतरच्या जपानकडे बघून.

नेहमीची मंदी वेगळी. माल जास्त साठलेला असतो किंवा सेंट्रल बँकेने महागाई आवरायला व्याज वाढवलेलं असतं, मग व्याज उतरलं की लोक परत कर्ज काढतात आणि धंदे हळूहळू हलायला लागतात. इथे व्याज शून्यावर आणलं तरी कर्ज घ्यायला कुणी पुढे येत नाही. कारण साधं आहे. तेजीत जमिनी, घरं, शेअर सगळं कर्ज काढून घेतलेलं, मग भाव कोसळतात, मालमत्ता निम्म्या किमतीची होते पण कर्जाचा आकडा जिथल्या तिथे. कंपनीचा धंदा नीट चाललेला असतो, रोज पैसा येत असतो, फक्त कागदावर ती बुडालेली असते, आणि हे बाहेर कळलं तर पत जाणार म्हणून ती गुपचूप येईल तो पैसा कर्जात भरत राहते. एकट्या कंपनीपुरतं बघितलं तर हे शहाणपणाचंच, तिला कोण चुकीचं म्हणणार? पण एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, त्यामुळे सगळेच एकदम हात आखडते घ्यायला लागले की सगळ्यांचीच कमाई आटते आणि कर्ज फेडणं आणखी अवघड होऊन बसतं.

हे गणित सगळ्यात स्पष्ट मांडलं ते अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी 1933 मध्ये. गंमत म्हणजे ऑक्टोबर 1929 मध्ये हेच गृहस्थ म्हणाले होते की शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचलेत, त्यानंतर काही दिवसांतच बाजार कोसळला आणि त्यांची स्वतःची संपत्तीही गेली. फिशर यांचं म्हणणं असं, की कर्ज फेडायला सगळे एकदम विकायला निघाले की भाव पडतात, भाव पडले की पैशाची किंमत वाढते, म्हणजे उरलेलं कर्ज आणखी जड होतं. अमेरिकेत 1929 ते 1933 या काळात किमती साधारण पाव हिश्शाने उतरल्या. किमती 25 टक्के उतरल्या की जुन्या कर्जाचं खरं ओझं एक तृतीयांशाने वाढतं, एक पैसा नवा उधार न घेता! बेकारी तेव्हा 25 टक्क्यांच्या आसपास गेली होती.

जपानचं प्रकरण इतकं भीषण झालं नाही पण लांबलं फार. तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 29 डिसेंबर 1989 ला 38,915 वर होता, तो आकडा परत ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडला. जमिनीचे भावही वर्षानुवर्षं उतरत राहिले, व्याज 1999 मध्ये शून्यावर आलं, तरी कंपन्या कर्ज फेडतच राहिल्या. त्यांनी थांबवलेला खर्च सरकारने केला आणि सरकारी कर्ज जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, 200 टक्क्यांच्या पुढे गेलं. कू म्हणतात या खर्चामुळेच 1930 च्या महामंदीसारखी अवस्था टळली. टीकाकार म्हणतात बँकांनी बुडीत कर्जं झाकून ठेवली, मेलेल्या कंपन्यांना नवं कर्ज देऊन जिवंत दाखवलं, म्हणून एवढी वर्षं गेली. दोन्ही खरं असावं, खर्चाने पडझड थांबली आणि झाकाझाकीने सावरणं लांबलं.

ग्रीसने याच्या उलट करून बघितलं, खरं तर त्याला करायला लावलं. 2010 मध्ये 110 अब्ज युरोची मदत मिळाली ती खर्चकपातीच्या अटीवर, स्वतःचं चलन नसल्याने अवमूल्यनाचा, म्हणजे चलनाची किंमत उतरवायचा, मार्गही बंद. अर्थव्यवस्था साधारण पाव हिश्शाने आक्रसली, 2012 मध्ये खाजगी कर्जदात्यांनी मोठा हिस्सा सोडला तरी जीडीपीच्या तुलनेत कर्ज पुढे वाढलेलंच दिसलं, कारण ज्या जीडीपीशी कर्जाची तुलना करायची तीच लहान झाली. कपातीचा फटका आपण कमी धरला होता हे मदत देणाऱ्यांपैकी एक असलेल्या आयएमएफचे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार यांनीही 2013 च्या एका अभ्यासात दाखवून दिलं.

मग रिकव्हरी येते कशी? कर्ज फेडत बसणं हा सगळ्यात संथ मार्ग. बाकीच्या मार्गांत नुकसान कुणाच्या तरी अंगावर टाकावंच लागतं, कर्जदात्याच्या, बँकेच्या, करदात्याच्या नाहीतर ठेवीदाराच्या, आणि खरं भांडण त्यावरच असतं, अर्थशास्त्र त्यामानाने सोपं आहे. 1953 च्या लंडन कराराने पश्चिम जर्मनीचं साधारण निम्मं परदेशी कर्ज माफ झालं आणि उरलेल्याचे हप्ते त्या देशाला निर्यातीतून झेपतील असे बसवले. अमेरिकेचं दुसऱ्या महायुद्धानंतर जीडीपीच्या 100 टक्क्यांवर गेलेलं सरकारी कर्ज 1970 च्या दशकात पाव हिश्शाच्या आसपास आलं, ते मुख्यतः वाढ आणि महागाई यांच्या जोरावर, पण त्यात बाँड, म्हणजे सरकारी कर्जरोखे, धरून बसलेल्यांच्या पैशाची किंमत निमूटपणे कमी होत गेली. माझ्या मते लवकर मान्य केलेलं नुकसान स्वस्त पडतं, तरी ते मान्य करायला कुठलंच सरकार खुशीने तयार नसतं.

मंदी सरली की नाही हे ओळखायला शेअर बाजार फारसा कामाचा नाही, लोक आणि कंपन्या परत नवं कर्ज काढायला लागले का ते बघावं लागतं. जपानमध्ये 2005 च्या सुमारास कंपन्यांचे ताळेबंद बऱ्यापैकी साफ झाले होते, तरी कर्जाची धास्ती गेली नाही, आणि त्या पुढची कित्येक वर्षं गुंतवणूक करायच्या ऐवजी रोख साठवत बसल्या.