रिकॉल झालेला पाळणा घरातून जातो का?

१९९८ साली शिकागोतल्या एका पाळणाघरात दीड वर्षाचंही नसलेलं एक बाळ दगावलं. ते ज्या घडीच्या पाळण्यात झोपलं होतं त्याचे वरचे कठडे आत मिटले आणि त्या खाचेत त्याची मान अडकली. हा पाळणा धोकादायक म्हणून कंपनीने १९९३ मध्येच परत मागवला होता, म्हणजे त्याचा रिकॉल केला होता, पण पाच वर्षं उलटली तरी ती बातमी त्या पाळणाघरापर्यंत पोचलीच नव्हती.

रिकॉल जाहीर झाला की दुकानांतला माल काही दिवसांत उचलला जातो. घराघरांत गेलेल्या मालाचं तसं होत नाही. कोणती वस्तू कोणाच्या घरी आहे हे कंपनीला सहसा माहीतच नसतं. म्हणून अमेरिकेत २००८ च्या कायद्याने पाळणा, बाबागाडी, उंच खुर्ची अशा तान्ह्या मुलांच्या टिकाऊ वस्तूंसोबत नोंदणीचं कार्ड देणं बंधनकारक झालं. कायद्यातल्या त्या भागाला शिकागोच्या त्याच बाळाचं नाव दिलं आहे. खोक्यातून निघणारं हे कार्ड बहुतेक जण जाहिरातीचा कागद समजून टाकून देतात. खरं तर त्यावर भरलेली माहिती जाहिरातीसाठी वापरायला त्या कायद्याने बंदी आहे.

रिकॉल झालेली वस्तू तकलादू किंवा स्वस्तातलीच असते, असा आपला समज असतो. फिशर-प्राइस कंपनीचा ‘रॉक एन प्ले’ हा तिरका झोपाळा दोन्हींपैकी काहीच नव्हता. २००९ मध्ये तो बाजारात आला आणि रात्ररात्र जागणाऱ्या आईवडिलांना अक्षरशः वरदान वाटला, कारण त्यात बाळं पटकन झोपायची. त्यात काही तुटत नव्हतं, काही निखळत नव्हतं. दोष होता तो सुमारे ३० अंशांच्या उतारात. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. उतारावर हनुवटी छातीकडे झुकली की आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट आणखी आवळते. शिवाय एरिन मॅनन या संशोधिकेच्या गटाने केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. सपाट गादीपेक्षा अशा उतारावर बाळाला कुशीवर वळणं सोपं जातं, पण एकदा पालथं पडल्यावर तोंड मोकळं ठेवायला पोटाचे स्नायू जास्त ताणावे लागतात. बाळ दमतं आणि नाक कापडात रुततं. या सगळ्यात आवाज होत नाही, म्हणून शेजारी झोपलेल्या आईलाही चाहूल लागत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये असे सुमारे ४७ लाख झोपाळे परत मागवले गेले, तोवर ३० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये तीच सूचना पुन्हा द्यावी लागली. तेव्हा नोंदींचा आकडा सुमारे १०० होता आणि त्यातले किमान ८ मृत्यू पहिल्या रिकॉलनंतरचे होते. म्हणजे माहिती जाहीर असूनही झोपाळे वापरात होते. शिवाय २०१९ च्या आधीची दहा वर्षं या धोक्यासाठी रिकॉलच नव्हता. तेव्हा ‘रिकॉल नाही, म्हणजे सुरक्षित’ हा हिशेबही कच्चाच.

बहुतेक रिकॉल कंपनी स्वतःच जाहीर करते, सरकारी यंत्रणेशी बोलणी झाल्यावर. त्यामुळे सूचनेची भाषा मवाळ असते: ‘स्वेच्छेने’, ‘खबरदारी म्हणून’. त्या शब्दांवर विसंबू नका. पुढे धोक्याचं कारण दिलेलं असतं, ते वाचा. श्वास कोंडणं, गळ्यात पट्टा अडकणं, बटण सेलचं झाकण स्क्रूशिवाय उघडणं, ताकदीची चुंबकं सुटी होणं, रंगात शिसं सापडणं, अशी तीच ती कारणं फिरून येत असतात. यातलं बटण सेलचं कारण दिसलं तर एक दिवसही थांबू नये. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते आणि तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. खेळणं चालवायला अपुरा पडणारा, ‘संपलेला’ सेलसुद्धा हे करू शकतो.

माझ्या मते खरी मेख आहे ती वापरलेल्या वस्तूंत. बहिणीने, शेजारणीने प्रेमाने दिलेल्या पाळण्यासोबत खोकं नसतं, माहितीपत्रक नसतं, कधीकधी दोन स्क्रूही नसतात. एक बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत जून २०११ पासून बनवायला आणि विकायला बंदी आहे. वापराने त्यांच्या खुंट्या झिजतात, बाजू एका टोकाला सुटते आणि गादी नि कठडा यांच्यातल्या फटीत बाळ अडकतं. त्यामुळे अशी वस्तू घेण्याआधी ती उलटी करून बघा. बैठकीखाली किंवा पायाजवळ लेबल असतं. त्यावरचा मॉडेल नंबर, उत्पादनाची तारीख आणि बॅच यांचा फोटो काढून ठेवा. रिकॉल बऱ्याचदा विशिष्ट महिन्यांतल्या मालापुरताच असतो, त्यामुळे नुसतं नाव जुळून भागत नाही. शोधायला अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची आणि युरोपच्या ‘सेफ्टी गेट’ची यादी सगळ्यांना खुली आहे. लेबलच खरवडलेलं असेल तर ती वस्तू घेऊ नये.

यादीत वस्तू सापडली तर वापर थांबवा आणि दुरुस्ती, बदली की पैसे परत यातलं काय मिळतंय ते पाहा. घरच्या घरी खिळा मारून काम भागवू नका. ती कोणाला देऊही नका. टाकायचीच असेल तर कोणी उचलून वापरू शकणार नाही अशी मोडून टाका, पण सूचना वाचल्यावरच, कारण काही कंपन्या पट्टे कापल्याचा फोटो मागतात. गाडीतल्या बालआसनाचं मात्र वेगळं आहे. सूचनेत ‘वापरू नका’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर दुरुस्तीचा भाग येईपर्यंत त्या आसनात बसवणं हे आसनाशिवाय नेण्यापेक्षा बरं.

आणि तुमच्याच घरी एखादा पट्टा निसटला, चाक निखळलं, मूल थोडक्यात वाचलं, तर वस्तू लगेच फेकून देऊ नका. फोटो काढा, तुटका तुकडा जपून ठेवा, कंपनीला आणि सरकारी यंत्रणेला लेखी कळवा. तपास सुरू होतो तो अशाच तक्रारींवरून. एकाच मॉडेलच्या चार तक्रारी चार ठिकाणांहून आल्या, तरच तो योगायोग नसल्याचं तपासणाऱ्याच्या लक्षात येतं.