गाठीची हाक ऐकतं कोण?

कर्करोगाची गाठ सुरुवातीला अर्धपोटीच असते. रक्तवाहिनीतून झिरपणारा प्राणवायू जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिमीटर लांब पोचतो. त्यामुळे मोहरीच्या दाण्याएवढी झाली की गाठीची वाढ अडते. पुढे वाढायचं तर तिला रक्ताची स्वतंत्र जोडणी लागते. बॉस्टनचे सर्जन जुडा फोकमन यांनी 1971 मध्ये हे मांडलं आणि ही जोडणीच तोडा म्हणून सुचवलं. पुष्कळांनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

प्राणवायू कमी पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. पण नुसती हाक मारून काय होणार? ती ऐकतात शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी. या पेशी कर्करोगाच्या नव्हेत, चांगल्या धडधाकट असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ग्राही, म्हणजे रिसेप्टर असतात. त्यांतला कामाचा ग्राही क्रमांक दोनचा. त्याचं तोंड पेशीबाहेर आणि शेपूट आत. व्हीईजीएफचा रेणू असे दोन ग्राही धरून जवळ आणतो, मग ते एकमेकांच्या शेपटांना फॉस्फेट चिकटवतात. झालं, आत हुकूम सुटतात: भिंत सैल करा, विभाजन करा, सरका.

सगळ्याच पेशी धावत सुटल्या तर नळी व्हायची कशी? म्हणून जी पेशी पुढे होते, ती शेजारणींना थोपवणारा इशारा देते. मग शेजारणी आपल्यावरचे क्रमांक दोनचे ग्राही कमी करतात आणि तिच्या मागून नळी रचत येतात. मला तरी या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

क्रमांक एकचा ग्राही मात्र वेगळ्याच स्वभावाचा. तो व्हीईजीएफला दोनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, पण आत निरोप जवळजवळ देतच नाही. मग त्याचा उपयोग काय? हा ग्राही नसलेली उंदरांची पिल्लं गर्भातच मरतात, आणि त्यांच्यात अस्तराच्या पेशींचं नुसतं रान माजलेलं असतं. म्हणजे तो हाक गिळून टाकणारा निघाला! दोन्ही ग्राहींचे बाहेरचे तुकडे जोडून अफ्लिबरसेप्ट हे औषध केलं, ते याच गुणावर. आजी-आजोबांच्या डोळ्यांत देतात त्या इंजेक्शनांपैकी हे एक.

बेव्हासिझुमॅब हे दुसरं औषध व्हीईजीएफलाच वाटेत पकडतं. 2004 मध्ये ते मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झालं. चाचणीत केमोथेरपीच्या जोडीला ते दिल्यावर रुग्णांचं मध्यक आयुर्मान 15.6 वरून 20.3 महिन्यांवर गेलं. सुनिटिनिब हे तिसरं औषध ग्राहीच्या शेपटाचं काम आतून बंद पाडतं. रोग मुळापासून गेला असं मात्र सहसा होत नाही, कारण एक हाक बंद पडली की गाठ दुसरी मारते.

शिवाय हेच ग्राही आपल्या रोजच्या वापरातल्या रक्तवाहिन्यांवरही असतात. म्हणून बेव्हासिझुमॅब चालू असताना रक्तदाब नियमित मोजतात, आणि ऑपरेशन ठरलं तर ते निदान चार आठवडे आधी थांबवतात. टाके भरून यायचे तर तिथेही नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात, त्याच हाकेवर.