पॉलिशच्या आधी हे वाचा: गाडीचा रंग जपण्याविषयी ग्राहकांसाठी माहिती

गाडी आमच्याकडे देताना बरेच जण पहिल्यांदा विचारतात, “पॉलिश करणार ना?” प्रत्येक वेळी आमचे उत्तर ‘हो’ असेलच असे नाही. ते का, हे गाडी ताब्यात देण्याआधी तुम्हाला माहीत असावे, म्हणून हे पत्रक.

पत्र्यावर सगळ्यात खाली गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सारे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. त्यात क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गाडीची चमक त्याच्यामुळे, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवतो तोही तोच. पॉलिश करताना हाच थर किंचित घासून सपाट केला जातो. घासलेला भाग पुन्हा भरून येत नाही. दर काही महिन्यांनी पॉलिश करून घेण्याची सवय म्हणूनच आम्हाला पटत नाही.

धुऊनही न निघणारी घाण

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती ब्रेकची धूळ. ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क झिजून लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात, रंगावर चिकटतात आणि ओलाव्याने तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर दिसणारे नारिंगी ठिपके बहुधा याच कणांचे असतात. पत्रा गंजला असे समजून घाबरून जाऊ नका. गडद गाडीवर ते दिसत नाहीत, पण असतात. पारख सोपी आहे. गाडी धुऊन कोरडी करा, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटांची टोके बॉनेटवरून अलगद फिरवा. खरखर जाणवली तर रंगावर कण बसले आहेत. नवी कोरी गाडीसुद्धा कधी कधी अशी लागते, कारण कारखान्यातून निघून तुमच्या हाती येईपर्यंत ती बराच काळ उघड्यावर असू शकते.

पक्ष्यांची विष्ठा आणि चिरडलेले किडे आम्लधर्मी असतात. कडक उन्हात क्लिअर कोट तापून मऊ पडतो, गार होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आकसतो आणि तिथे कायमचा व्रण राहतो. उन्हाळ्यात काही तासही पुरतात. दिसताक्षणी ओला कपडा त्यावर थोडा वेळ ठेवा, मऊ झाल्यावर उचलून घ्या; कोरडे खरवडू नका. झाडाचा चीक आणि डांबराचे शिंतोडेही जितके जुने होतील तितके चिवट होतात. जड पाणी रंगावर वाळले की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. ते पांढरे गोल डाग वेळेत काढले नाहीत तर रंगात उतरतात.

आमच्या कामाचा क्रम

आधी फेसाने सुटी धूळ खाली उतरवतो, मग हाताने धुतो. त्यानंतर लोहकण विरघळवणारे द्रावण फवारतो. लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळे होते आणि गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. काही ग्राहक ते पाहून दचकतात, पण तो रंग गाडीचा नसतो. वास मात्र उग्र असतो. डांबरासाठी वेगळे द्रावण लागते. इतके करूनही जे उरते ते क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, भरपूर वंगण वापरून, हलक्या हाताने उचलतो. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा आम्ही टाकूनच देतो, कारण त्यात रुतलेला एक खडा अख्खा दरवाजा ओरखडू शकतो.

एवढे झाल्यावर पॉलिशचा विचार. पत्र्याच्या भागांवर रंगाची जाडी यंत्राने मोजतो. हे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही, त्यामुळे आकडा चांगला आला तरी आम्ही सबुरीनेच घेतो. कमीत कमी घासणाऱ्या पॉलिशने एका कोपऱ्यात नमुना करून तुम्हाला दाखवतो. एखादा ओरखडा नखाला अडकत असेल तर तो पूर्ण काढण्याच्या नादात रंग पातळ करण्यापेक्षा थोडा राहू द्यावा, असे आमचे मत आहे.

संरक्षण कोणते घ्यावे

वॅक्स काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. सीलंट, म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप, त्याहून जास्त. सिरॅमिक कोटिंग प्रतवारी आणि निगेनुसार एक ते काही वर्षे चालते, त्यावर घाण कमी चिकटते आणि धुणे सोपे होते. मात्र त्याने खडी लागणे थांबत नाही, आणि पाण्याचे डाग त्यावरही पडतात. या दोन्हींपासून बचाव होईल असे आश्वासन कोणी दिले तर विश्वास ठेवू नका. खडीपासून वाचवते ती पीपीएफ, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची. ती महाग असते, म्हणून महामार्गावर जास्त धावणाऱ्या गाडीला निदान बॉनेट आणि पुढच्या बंपरपुरती तरी लावावी. यातले काहीही घाण न काढता लावले तर कण खालीच अडकून बसतात.

घरी धुताना

कोरड्या कपड्याने किंवा झटकणीने धूळ झटकू नका. उन्हात उजेड पडला की दिसणारे गोल गोल बारीक ओरखडे बहुतेक यातूनच येतात. गाडी सावलीत, बॉनेट गार असताना धुवा. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळून घ्यायला साध्या पाण्याची. टपापासून खाली या, चाकांचा कपडा वेगळा ठेवा. भांड्यांचा साबण वॅक्स उतरवतो, तो नको. शेवटी स्वच्छ मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या.

गाडीचा एखादा भाग नुकताच गॅरेजमध्ये रंगवला असेल तर आम्हाला आधी सांगा. त्या रंगातले द्रावक बाहेर पडायला काही आठवडे लागू शकतात. रंगाच्या उत्पादकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या भागावर आम्ही वॅक्स किंवा कोटिंग लावत नाही. बाकीच्या गाडीचे काम तोवर करून देतो.